अ‍ॅक्रिलिक टँकचा सांधा पाझरतोय, मदत हवी आहे
घरीच माशांसाठी ९० × ४० × ४५ सेंमीचा टँक बनवलाय. १० मिमी कास्ट (साच्यात ओतून बनवलेलं) अ‍ॅक्रिलिक, लेझरने कापून आणलेलं, सुईने क्लोरोफॉर्म (अ‍ॅक्रिलिकच्या कडा विरघळवून एकजीव करणारं द्रव) सोडून जोडलं. खाली प्लायवूड आणि थर्मोकोल आहे. अर्धा भरला तेव्हा ठीक होता; पूर्ण भरल्यावर मागची बाजू तळाला जोडलीय त्या सांध्यातून थेंब थेंब पाणी येतं. तिथे १५ सेंमीभर बुडबुडे दिसतात, शेजारी केसासारख्या बारीक चिराही.

आतून सिलिकॉन लावलं, चार दिवसांत सालीसारखं निघालं. रिकामा करून, वाळवून पुन्हा क्लोरोफॉर्म सोडलं, फरक नाही. मासे अजून सोडलेले नाहीत, त्यामुळे घाई नाही. पण नवीन शीट परवडणार नाही.

आतल्या कोपऱ्यात अ‍ॅक्रिलिकची त्रिकोणी पट्टी जोडली तर ४५ सेंमी पाण्याचा दाब कायमचा सोसेल का, की तळ कापून, कडा घासून पुन्हा जोडावा?