गाडीचे ऑइल किलोमीटरवर बदलावे की महिन्यांवर?

रंकाळाकाठ : बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत ‘१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते’ अशा धर्तीची सूचना असते. त्यातला पहिला भाग सर्वांना पाठ असतो. दुसऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही. माझे स्पष्ट मत आहे की, कमी चालणाऱ्या गाड्यांची इंजिने याच सवयीमुळे वेळेआधी कामातून जातात.

कोल्हापुरात राजारामपुरीतून महाद्वार रोडपर्यंत आणि परत, एवढीच जिची धाव, त्या गाडीचे इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते. इंधन जळताना तयार झालेली पाण्याची वाफ आणि थंड इंजिनात न जळलेले पेट्रोल पिस्टनभोवतीच्या कड्यांच्या, म्हणजे रिंगांच्या, फटींतून ऑइलमध्ये उतरते. महामार्गाने कराडपर्यंत गेल्यास ऑइल चांगले तापते आणि यातले बरेचसे उडून जाते. गावातल्या गावात मात्र ते साचत राहते, ऑइल पातळ होते, त्यात आम्ले तयार होतात, ती मारण्यासाठी मिसळलेली रसायने संपत जातात आणि अखेरीस टॅपेट कव्हरखाली (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाखाली) गाळ धरू लागतो. हा गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला की क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगना ऑइल अपुरे पडते. अशा गाडीचे ऑइल आणि फिल्टर, ती कितीही कमी चालली असली तरी, वर्षाच्या आत बदललेच पाहिजेत.

पन्हाळारोड : कारणमीमांसा मान्य आहे, परंतु उपाय मान्य नाही. असे लेखन वाचून लोक धास्तावतात आणि महामार्गावर चालणाऱ्या, सिंथेटिक (कृत्रिमरीत्या बनवलेले, जास्त टिकणारे) ऑइल घातलेल्या गाडीचेही ऑइल ५,००० किलोमीटरला काढून टाकतात. ‘ऑइल काळे पडले’ हे कारण तर सर्रास सांगितले जाते. डिझेल इंजिनात नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे होते, कारण काजळी स्वतःत धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. शिवाय वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा ठरते. पंचगंगेची अवस्था आपण पाहतोच, मग विनाकारण त्यात भर का घालावी? आठवड्यातून एकदा गाडी पन्हाळ्यापर्यंत नेऊन आणावी. ओलावा निघून जाईल.

उद्यमनगर_खराद : आपण दोघेही ऑइल बदलण्यावर वाद घालत आहात. आमच्याकडे क्रँक ग्राइंडिंगला येणाऱ्या कामांत मात्र ऑइल कमी पडल्यामुळे बेअरिंग जाम झालेली इंजिनेच अधिक असतात. रिंगा झिजल्या किंवा सील गळू लागले की पातळी हळूहळू उतरते, आणि ऑइलचा लाल दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो. तो लागेपर्यंत बेअरिंगला इजा झालेली असू शकते. सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी महिन्यातून एकदा डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहावी. बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा निकष) डिझेल गाड्यांत पातळी वाढलेली दिसली, तर ती अधिक गंभीरपणे घ्यावी. एक्झॉस्टमधल्या फिल्टरची काजळी जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल ऑइलमध्ये उतरल्याची ती खूण असू शकते.

दुसरी गोष्ट ग्रेडची, म्हणजे ऑइल किती पातळ वा जाड याची; आकडे जितके मोठे तितके ऑइल जाड. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात ‘जाड ऑइल टिकते’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणे घातक आहे, कारण अरुंद मार्गांतून ते वेळेवर वर पोहोचत नाही. टर्बोचा (इंजिनात हवा जोराने ढकलणाऱ्या पंख्याचा) शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. इंजिन बंद होताच त्याला ऑइल मिळणे थांबते, म्हणून टर्बोच्या गाडीने करूळचा घाट चढून गगनबावड्यात थांबताना इंजिन मिनिटभर चालू ठेवून मगच बंद करावे.

रंकाळाकाठ : डिपस्टिकचा मुद्दा निर्विवाद आहे. मात्र पन्हाळ्याच्या फेरीने ओलावा गेला तरी खर्ची पडलेली रसायने परत येत नाहीत. आणि मी सरसकट ५,००० म्हटलेले नाही. अनेक पुस्तिकांतच ‘कठीण वापर’ असे वेगळे पान असते, त्यात छोट्या फेऱ्या आणि धूळ ही कारणे दिलेली असतात व मुदत कमी केलेली असते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे कच्च्या रस्त्याने रोज जाणाऱ्याने ते पान अवश्य वाचावे.

पन्हाळारोड : वर्षाची मर्यादा मी मानतो; ‘कठीण वापर’ म्हणून त्याहूनही लवकर बदलणे मला अजून पटत नाही. ट्रकवाल्या मोठ्या कंपन्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून मुदत ठरवतात. तीन-चार लिटर ऑइलच्या गाडीला तो खर्च परवडत नाही, म्हणून आपण सारे अंदाजावर चालतो, आणि त्या अंदाजात बिल करणाऱ्या गॅरेजवाल्याचा सल्ला प्रमाण मानण्यास माझी तयारी नाही.