अ‍ॅरिझोनातील १९७२ ची डॅटसन २४०झेड: प्रत्यक्ष न पाहता लिलावात बोली लावावी का?

एडिसनकर:
नमस्कार. मी न्यू जर्सीत राहतो. एका ऑनलाइन लिलावात १९७२ सालची डॅटसन २४०झेड ही जपानी स्पोर्ट्स कार आली असून ती अ‍ॅरिझोनात फिनिक्सजवळ आहे. लिलाव संपायला सहा दिवस उरले आहेत आणि एवढ्यात तिकडे जाऊन येणे मला शक्य नाही. विक्रेत्याने दीडशेहून अधिक छायाचित्रे दिली आहेत. ‘गंज नाही’ असेही लिहिले आहे, मात्र गाडीचा तळ दाखवणारी छायाचित्रे त्यांत दोनच आहेत. गाडी आहे त्या स्थितीत विकली जाईल आणि बोली जिंकल्यावर माघार घेता येणार नाही. मला ती नफ्यासाठी नको आहे. अनेक वर्षे सांभाळायची आहे. पस्तीस हजार डॉलरपर्यंत जाण्याची माझी तयारी आहे. बोली लावण्यापूर्वी काय तपासून घ्यावे?

फिनिक्सकर:
इथली कोरडी हवा पत्र्याला मानवते हे खरे, पण गाडी आज अ‍ॅरिझोनात आहे म्हणजे पन्नास वर्षे इथेच होती, असे नव्हे. ईशान्येकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि तिथे वापरलेली गाडी नंतर इथे आणून विकली जाऊ शकते. म्हणून पूर्वीच्या नोंदणीचे आणि दुरुस्तीच्या बिलांचे कागद आधी मागवा. बिलांवरच्या गावांची नावे वाचली की गाडीचा प्रवास बराचसा कळतो.

या मॉडेलमध्ये गंज कुठे धरतो हे ठरलेले आहे: बॅटरीच्या तबकाखाली, पायाखालच्या पत्र्यात, दारामागे मागच्या चाकाच्या पुढच्या कोपऱ्यात, मागच्या झाकणाच्या कडेला आणि समोरच्या काचेच्या तळाशी असलेल्या पन्हळीत. सर्वांत महत्त्वाच्या म्हणजे तळाखालून जाणाऱ्या लांब पोकळ पट्ट्या. या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. सगळा भार या पत्र्यावरच असतो, त्यामुळे तिथे वरून नवा पत्रा डकवून काळा रंग फासलेला असेल, तर छायाचित्रात तळ अगदी स्वच्छ दिसेल आणि गाडी मात्र आतून पोखरलेली असेल. माझ्या पहिल्या खरेदीत माझे हेच झाले. चकाकत्या रंगाखाली बोटभर पुटी निघाली आणि पत्र्याच्या कामाला गाडीच्या निम्म्या किमतीइतका खर्च आला. त्या वेळी तपासणीचे काहीशे डॉलर वाचवल्याचे मला समाधान वाटले होते.

तेव्हा विक्रेत्याशी संबंध नसलेला, जुन्या जपानी गाड्यांवर काम केलेला मेकॅनिक इथे शोधा आणि गाडी लिफ्टवर चढवून तपासायला सांगा. त्याच्याकडे रंगाची जाडी मोजणारे यंत्र असावे. इंजिन पूर्ण थंड असताना त्याच्यासमोर सुरू झाले पाहिजे, कारण आधीच तापवून ठेवलेले इंजिन बरेच दोष झाकते. सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे. चिरलेला डॅशबोर्ड आणि वाळलेली रबरे पाहून नाराज होऊ नका, इथल्या उन्हात ते होतेच. मला तर अगदी निर्दोष डॅशबोर्ड दिसला की तो कधी बदलला, असा प्रश्न पडतो.

ह्यूस्टनकर:
कागदांबद्दल थोडे. सतरा अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १९८१ पासून आला, त्यामुळे नेहमीच्या इतिहास-अहवालांवर या गाडीसाठी विसंबता येत नाही. अमेरिकेत विकलेल्या २४०झेडचा क्रमांक एचएलएस३० ने सुरू होतो. तो डॅशबोर्डवरच्या पट्टीवर, बॉनेटखालच्या पाटीवर आणि इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. तिन्ही ठिकाणी आणि टायटलवर (मालकीच्या कागदावर) तो एकच आहे, याची जवळून छायाचित्रे घ्या. बॉनेटखालच्या पाटीवर इंजिनाचा क्रमांकही असतो, तो ब्लॉकवरच्या क्रमांकाशी जुळला तर इंजिन मूळचे. टायटल विक्रेत्याच्याच नावावर हवे. मधल्या एखाद्या मालकाने सही करून नोंदणी न करताच ते पुढे दिले असेल, तर तुमच्या नावावर करताना अडचण होईल.

पस्तीस हजार ही मर्यादा बोलीची आहे की एकूण खर्चाची? तीस हजारांना गाडी मिळाली आणि लिलावाचे शुल्क पाच टक्के असले, तर दीड हजार तिथेच वाढतात. न्यू जर्सीत नोंदणी करताना ६.६२५ टक्के विक्रीकर म्हणजे केवळ गाडीच्या किमतीवर सुमारे दोन हजार. वाहतूक आणि विमा वेगळा. गाडी ट्रकवर चढवताना आणि उतरवताना तिच्या स्थितीची नोंद वाहतुकीच्या पावतीवर होते. घरी आल्यावर गाडी नीट पाहिल्याशिवाय त्या पावतीवर सही करू नका, कारण वाटेत झालेल्या नुकसानीची भरपाई मागताना तीच कामी येते.

एडिसनकर:
दोघांचेही मनापासून आभार. पस्तीस हजार मी बोलीपुरतेच धरले होते. सर्व खर्च वजा केल्यावर माझी बोली एकोणतीस हजारांवर थांबते, आणि शेवटच्या मिनिटांत चढाओढ झाली तरी ती वाढवणार नाही. फिनिक्समधील एका मेकॅनिकशी गुरुवारची वेळ ठरली आहे. विक्रेत्याने गाडी लिफ्टवर चढवायला होकार दिला आहे, मात्र बॅटरीच्या तबकाचे छायाचित्र दोनदा मागूनही अजून आलेले नाही. मेकॅनिकला पाहणीची सुरुवात तिथूनच करायला सांगितले आहे.