शब्दचर्चा : घर ‘तापवणे’ म्हणावे काय?

कृष्णाकाठ (सांगली) : इंग्लंडच्या इमारत नियमावलीतील ऊर्जाविषयक ‘पार्ट एल’चा मराठी सारांश करताना अडलो आहे. १५ जून २०२२ पासून लागू झालेल्या बदलांनुसार रेडिएटरची (नळ्यांतून गरम पाणी फिरवून खोली गरम करणारी) यंत्रणा नव्याने बसवताना किंवा संपूर्ण बदलताना, शक्य तेथे ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापलेल्या पाण्यावरच घर पुरेसे गरम होईल, अशी ती आखावी लागते. पाणी ‘तापवणे’ ठीक आहे, पण घर? सांगलीत ‘घर तापलंय’ हे एप्रिल-मेमधले गाऱ्हाणे असते.

माणदेशी (दहिवडी) : ‘घराला ऊब देणे’ लिहावे. संस्कृत ‘उष्मन्’, प्राकृत ‘उम्हा’, मराठी ‘ऊब’ ही साखळी मला पटते, आणि हाताशी इतका जुना शब्द असताना ‘गृहतापन’ कशाला घडवायचे? ‘उबवणे’ मात्र नको, कारण उबवतात ती अंडी.

स्थापत्य (सातारा) : असहमत. ऊब जाणवते, नियमाला मोजता येईल असे काही लागते. नव्या घराच्या भिंतीतून उष्णता निसटण्याची त्याच नियमावलीतील कमाल मर्यादा ०.२६ वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन आहे; तेथे ‘तापन’ आणि ‘उष्णतारोधक’ हेच शब्द टिकतील. आपल्याकडील घरांच्या ऊर्जाबचतीची इको निवास संहिता २०१८ छतासाठी त्याच एककात १.२ ची मर्यादा घालते, ती बहुतेक ठिकाणी उष्णता बाहेर ठेवण्यासाठी. ‘रोधक’ दोन्हीकडे चालतो, ‘ऊब’ चालत नाही. बांधकामावर तर सारे ‘इन्सुलेशन’च म्हणतात, आणि ते म्हणू द्यावे.

माणदेशी : बांधकामावरची भाषा प्रमाण मानायची, तर गवंड्यांचीही माना. आमच्या माळवदावर, लाकडी तुळयांवरच्या फळ्यांवर, पांढऱ्या मातीचा हातभर थर असे. उन्हाळ्यात खाली गारवा राही आणि थंडीत ‘माळवद ऊब धरतं’ असे जुने लोक म्हणत. ज्या नियमाचा सारा रोख उष्णता टिकवण्यावर आहे, त्याला ‘ऊब धरणे’ याहून नेमके काय म्हणणार?

जतकर : आमच्याकडे अशा मातीच्या छताला सर्रास ‘धाबे’ म्हणतात आणि ‘माळवद’ क्वचितच ऐकू येते. दोन्ही एकच, की फळ्या असल्या तर माळवद आणि नुसत्या काटक्यांवर माती असली तर धाबे?

माणदेशी : आमच्या घरी काटक्यांच्या छपरालाही माळवदच म्हणत, त्यामुळे हा भेद मला मान्य नाही. आटपाडी आणि खानापूरकडच्या मंडळींनी आपल्या गावचा शब्द कळवावा.