मदत हवी आहे : गोवरची लस आणि ज्यू धर्मशास्त्र

नमस्कार. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ऑक्टोबर 2018 ते सप्टेंबर 2019 या काळात पसरलेल्या गोवरच्या साथीवर मी मराठीत एक लेख लिहीत आहे. इस्राएलहून लागण घेऊन परतलेल्या, लस न घेतलेल्या एका मुलापासून सुरू झालेली ही साथ मुख्यतः विल्यम्सबर्ग आणि बरो पार्क येथील सनातनी ज्यू वस्त्यांत फैलावली आणि शहरात एकूण 649 रुग्ण आढळले. एप्रिल 2019 मध्ये महापौरांनी विल्यम्सबर्गच्या काही भागांत लस सक्तीची केली. जूनमध्ये राज्याने धार्मिक कारणासाठी लस न घेता शाळाप्रवेश मिळण्याची सवलतच रद्द केली.

माझी अडचण अशी की, ज्या सवलतीचा आधार पालक घेत होते, तिला धर्मशास्त्राचा आधार फारसा दिसत नाही. जीव वाचवण्यासाठी शब्बाथही (शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस) मोडावा असे सांगणाऱ्या ‘पिक्कुआख नेफेश’ या तत्त्वाचा दाखला देऊन बहुसंख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) लसीच्या बाजूने उभे राहिले होते. (लसीतील, डुकरापासून बनवलेल्या आणि म्हणून खाण्यास निषिद्ध अशा जिलेटिनची शंकाही टिकत नाही, कारण लस तोंडावाटे घेतली जात नाही.) मग विरोध करणाऱ्या मोजक्या रब्बींनी नेमकी कोणती वचने पुढे केली? की मूळ भीती दुष्परिणामांचीच होती आणि धर्माचे नाव नंतर जोडले गेले? मला दुसरी शक्यता अधिक पटते, पण पुराव्याशिवाय तसे लिहिणे योग्य वाटत नाही.

येथील बेने इस्राएल (मराठी बोलणारे ज्यू) वाचकांना आणखी एक विनंती : या तत्त्वासाठी आपल्या घरच्या मराठीत एखादा रुळलेला शब्द असल्यास कृपया कळवावा.