सिझरनंतर दुसरं राहत नाही: आधी व्रण बघायचा की बाकीचं?

तापीकाठ
पहिलं सिझर, मग चार-पाच वर्षं दिवस राहत नाहीत आणि घरचे म्हणतात, "एक झालंय ना, दुसरं होईलच." जळगाव-धुळ्याकडं हे घरोघरी ऐकू येतं. माझं मत: वर्षभर प्रयत्न करून राहत नसेल, तर गर्भपिशवीवरचा सिझरचा व्रण आधी तपासा. तो नीट भरला नाही की आतून खाच पडते. 2 मिमी किंवा त्याहून खोल असेल तर डॉक्टर तिला निश म्हणतात. पाळीचं रक्त त्यात साचतं आणि पाळी संपल्यावरही दिवसेंदिवस तपकिरी डाग लागत राहतात. बायका ते अंगावर काढतात. तेच जुनं रक्त पिशवीत उतरलं, तर शुक्राणूंना वर चढणं आणि गर्भाला रुजणं, दोन्ही अवघड होऊ शकतं.

आधी_नवरा
ताई, 'आधी' हा शब्द मला पटत नाही. सिझर झालेल्या कितीतरी बायकांत अशी खाच सापडते आणि त्यातल्या बऱ्याच जणींना सहज दिवस राहतात. सिझरनंतर पुढचं बाळंतपण होण्याचं प्रमाण सरासरी 10 टक्क्यांच्या आसपास कमी दिसतं, पण त्यात वय आलं, मुद्दाम थांबणं आलं, ज्या कारणानं सिझर करावं लागलं तेही आलं. सगळं खापर टाक्यावर नको. 2 ते 7 दिवसांचं अंतर ठेवून नवऱ्याची वीर्यतपासणी करा. काही शे रुपयांचं काम, पण पुरुष टाळतात आणि बाई तालुक्याच्या गावी खेटे घालते. मग गर्भनळ्या उघड्या आहेत का बघा. आपल्याकडं पिशवीचा टीबी विसरून चालत नाही.

प्रोब
दोघांचंही अर्धं बरोबर. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत निश बहुतेकदा सुटते, ती योनीमार्गातूनच करावी लागते. पाळी संपल्यावर लगेच केली तर बरं. पिशवीत थोडं सलाइन सोडलं की खाच उघडून स्पष्ट दिसते. रिपोर्टवर नुसतं 'स्कार डिफेक्ट' लिहून भागत नाही. खाचेची खोली, लांबी, रुंदी आणि तिच्यावर उरलेल्या स्नायूची जाडी मिमीमध्ये मागून घ्या. पुढचा सगळा निर्णय त्या शेवटच्या आकड्यावर.

आधी_नवरा
आणि तिथंच घाई होते. उरलेला स्नायू 3 मिमीपेक्षा कमी असताना योनीमार्गातून दुर्बीण घालून आतून खाच तासली, तर पिशवीला भोक पडून मूत्राशयाला इजा होऊ शकते. तिथं पोटातून लॅप्रोस्कोपीनं खराब भाग काढून नव्यानं शिवावं लागतं. त्यानंतर साधारण सहा महिने थांबा. बाई 37 वर्षांची असेल तर ते सहा महिने फार महाग पडतात. ऑपरेशननं डाग कमी होतात हे मान्य, पण मूल होण्याची शक्यता नक्की वाढते याचा पुरावा अजून तोकडा आहे. डाग नाहीत, पिशवीत पाणी नाही, तर हात लावू नका.

टाका_दुहेरी
मूळ चूक कुठं होते तेही बोला. कळा देऊन पिशवीचं तोंड 8 सेंमीच्या पुढं उघडलं की खालचा भाग ताणून वर येतो. नेहमीच्या जागी चीर दिली तरी ती पिशवीच्या तोंडातच पडते. तिथल्या ग्रंथींतला चिकट स्राव शिवणीत अडकतो आणि व्रण सांधत नाही. म्हणून अशा वेळी चीर थोडी वर घ्यावी. लॉक मारून, म्हणजे प्रत्येक टाका आधीच्यात अडकवून, घट्ट ओढलेल्या टाक्यानं कडेचा रक्तपुरवठाही तुटतो. पिशवी दोन थरांत, लॉक न मारता शिवावी, हेच बरं.

प्रोब
दादा, दोन थरांवर एवढा भरवसा नको. नेदरलँड्समध्ये दोन हजारांहून जास्त बायकांवर चाचणी झाली. एक थर की दोन, पाळीनंतरच्या डागांत फरक निघाला नाही. चिरेच्या जागेचं मात्र पटतं.

तापीकाठ
वीर्यतपासणी आधी, हे मानलं. पण डाग लागत असतील तर व्रणाची तपासणी त्याच महिन्यात, मागाहून नाही. आणि दिवस राहिले तरी काम संपत नाही. गर्भ क्वचित त्या व्रणातच रुजतो, साधारण दोन हजारांत एक. मग वाढता वाढता पिशवी फाटून जिवावर बेततं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून नंदुरबारला यायला अर्धा दिवस जातो, तिथं रक्तस्राव सुरू झाल्यावर निघून उपयोग नाही. आशाताईंनी सिझरवाल्या बाईला सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफीला पाठवावं, आणि चिठ्ठीवर 'आधीचं सिझर' ठळक लिहावं.