मनगटाचे फ्रॅक्चर, जोडीला ऑस्टिओपोरोसिस: एस५२ द्यावा की एम८०?

नमस्कार. मी ऐरोलीतील एका कंपनीत अमेरिकी रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागाचे चार्ट कोड करते, म्हणजे रुग्णांच्या नोंदी वाचून निदानांना आयसीडी-१०-सीएम या अमेरिकी वर्गीकरणातले कोड देते. गेल्या आठवड्यात ऑडिटमध्ये माझ्या एका चार्टवर चूक काढली गेली. ती मान्य करावी की तिच्यावर हरकत घ्यावी, हे ठरत नसल्याने जाणकारांचे मत हवे आहे.

रुग्ण ७४ वर्षांच्या बाई असून त्या स्वयंपाकघरातील ओल्या फरशीवर घसरून डाव्या हातावर पडल्या. डॉक्टरांनी निदानात ‘डाव्या हाताचे कोलिस फ्रॅक्चर’ (मनगटाजवळ हाड मोडणे) एवढेच लिहिले आहे. फ्रॅक्चर उघडे की बंद याचा उल्लेख नसेल तर ते बंद धरायचे, या नियमाने मी एस५२.५३२ए, म्हणजे दुखापतीने झालेल्या फ्रॅक्चरचा कोड, दिला. मात्र पूर्वेतिहासात ऑस्टिओपोरोसिसची (हाडे ठिसूळ होण्याच्या विकाराची) नोंद आहे आणि औषधांच्या यादीत त्यावरची, आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळीही आहे. ऑडिटरांच्या मते येथे एम८०.०३२ए, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसमुळे झालेल्या फ्रॅक्चरचा कोड, हवा होता.

कोडिंगच्या अधिकृत मार्गदर्शक नियमांतली सूचना मला पाठ आहे: ज्ञात ऑस्टिओपोरोसिस असलेल्या रुग्णाचे हाड अशा किरकोळ पडण्याने मोडले, की ज्याने निरोगी हाड सहसा मोडले नसते, तर एम८० गटातील कोड द्यायचा. माझे घोडे अडते ते या ‘सहसा’पाशी. पावसाळ्यात ठाणे स्थानकाच्या जिन्यावर घसरून धडधाकट तरुणाचेही मनगट मोडू शकते. मग या बाईंचे पडणे किरकोळ होते, हे मी कशावरून ठरवायचे? डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) पाठवावी असे मी सुचवले, तेव्हा सूचना स्पष्ट असताना क्वेरी कशाला, असे उत्तर मिळाले.

प्रतिसाद: ऑडिटरांचे म्हणणे सूचनेला धरून आहे, परंतु पडण्याच्या मानाने हाड सहज मोडले का, हा वैद्यकीय निर्णय आहे; तो ना तुमचा, ना ऑडिटरांचा. त्यामुळे क्वेरीच योग्य. तीत उत्तर सुचवू नका. ऑस्टिओपोरोसिसमुळे, केवळ दुखापतीमुळे, अन्य कारण, सांगता येत नाही, असे सर्व पर्याय ठेवा. एम८० ठरल्यास त्याच फ्रॅक्चरसाठी एस५२ काढून टाकावा लागेल. एस५२ कायम राहिल्यास ऑस्टिओपोरोसिससाठी एम८१.० (त्या विकारामुळे झालेले फ्रॅक्चर नसतानाचा कोड) जोडावा लागेल, कारण त्यावर औषध चालू आहे. तो तुम्ही दिल्याचे वरील मजकुरात दिसत नाही. दिला नसेल, तर हरकत घेण्यापूर्वी तेवढी चूक पदरात घ्या.