जिवतीचा कागद नव्याने काढावा का?

वाडीकर (धागा सुरू करणारा)

श्रावण लागला की आमच्याकडे देवघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद चिकटतो. वर नरसिंह आणि कालियामर्दन, मधे जरा-जिवंतिका आणि त्यांच्या अंगाखांद्यावर मुलं, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. बडोद्यात चार पिढ्या झाल्या, यात खंड नाही. यंदा भाचीने (इथेच चित्रकला शिकते) दुकानातला कागद आणू दिला नाही, स्वतः काढला. काढला सुरेखच. पण नरसिंहाच्या मांडीवर हिरण्यकशिपूऐवजी प्रल्हाद! म्हणे, मुलांच्या आयुष्यासाठी पुजायचा कागद, त्यावर फाडलेलं पोट कशाला?

माझं म्हणणं असं की, ते चित्र म्हणजे सजावट नाही, कोड्याचं उत्तर आहे. हिरण्यकशिपूचा वर आठवा: माणसाकडून नाही, पशूकडून नाही, घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही, शस्त्राने नाही. म्हणून अर्धा सिंह, म्हणून उंबरठा, म्हणून तिन्हीसांजा, म्हणून मांडी, म्हणून नखं. एकेका अटीला एकेक खूण. मांडीवरचा माणूस बदलला की उरतो नुसता सिंहाच्या तोंडाचा प्रेमळ मामा. कलेच्या नावाखाली खुणा अशा बदलाव्यात का? मोकळेपणाने लिहा.

रंगरेषा

काका, मी भाचीच्या बाजूने. 'चार पिढ्या खंड नाही' म्हणताय तो कागद छापखान्याचं अपत्य आहे. छापखान्याआधी काय होतं ते बुध-बृहस्पतीच्या कहाणीतच आहे: दाराच्या पाठीमागे दोन बाहुल्या काढाव्या, पैसा हवा तर पेटीवर, धान्य हवं तर कोठीवर. म्हणजे घरातल्या सुनेने, स्वतःच्या हाताने, जमेल तशा. त्या बाहुल्यांना हत्ती-वाघ कुठे होते? तुमच्या भाचीने परंपरा मोडली नाही, उलट जुन्या जागी नेऊन ठेवली.

आणि बडोद्यात बसून आपण हे बोलतोय याची गंमत वाटते. सयाजीरावांसाठी पुराणांवरची १४ चित्रं करणाऱ्या राजा रविवर्म्यानेच १८९४ मध्ये मुंबईला छापखाना काढला आणि देव घरोघरी गेले. त्याआधीच्या गजलक्ष्मीला दोन बाजूंनी दोन हत्ती घटांनी न्हाऊ घालायचे. रविवर्म्याच्या लक्ष्मीजवळ एकच हत्ती, सोंडेत हार. अभिषेकाचा झाला सत्कार! आज त्याच लक्ष्मीला आपण 'पारंपरिक' म्हणतो.

मांडवीचा मुसाफिर

आमच्या कॅलेंडरातली लक्ष्मी तर हातातून नाणी पाडते. तिच्याबद्दल कोणी तक्रार केलेली ऐकली नाही.

वाडीकर

@रंगरेषा, बाहुल्यांचा मुद्दा बिनतोड. पण रविवर्म्याने काढलं काय आणि ठेवलं काय ते बघा. चार हात ठेवले, कमळ ठेवलं, हत्तीही ठेवला. पदर, चेहरा, पाणी, उजेड त्याचा. सांगाडा तोच, म्हणून लोकांनी एका नजरेत ओळखली. भाचीने सांगाड्यालाच हात घातला, तक्रार तेवढीच आहे.

शुक्रवारची सवाष्ण

पुरुष मंडळींची चर्चा नरसिंहावरच अडली, मधल्या दोघींना विचारतंय कोण! जरा म्हणजे मगधातली राक्षसीण, जरासंधाचे दोन तुकडे जोडणारी. मुलं खाणारीलाच मुलं सांभाळायला बसवलंय, याहून धीट कल्पना तुमच्या आर्ट कॉलेजात तरी आहे का?

आता एक घरचा अनुभव. जिवतीच्या कहाणीतली आई हिरवं लुगडं नेसत नाही, हिरवी बांगडी भरत नाही, तांदळाचं धुवण ओलांडत नाही. म्हणून आमच्याकडे श्रावणी शुक्रवारी हिरवं वर्ज्य. शेजारच्या गुजराती बेन हेच व्रत करतात, जीवंतिका माँचं, शुक्रवारचंच. त्या पिवळं नेसत नाहीत! भिंत एक, देवी एक, मागणं एक, रंग वेगळा. लग्न होऊन आले तेव्हा मी त्या दिवशी पिवळी साडी नेसून त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले होते. त्यांचा चेहरा अजून आठवतो. मग सांगा, अर्थ रंगात आहे की व्रत पाळण्यात? मला वाटतं पाळण्यात. म्हणून भाचीने काय काढलं यापेक्षा दर शुक्रवारी ती त्याच्यासमोर उभी राहते का, हे विचारा.

जुना बडोदेकर

सवाष्ण ताईंचं निम्मं पटलं. खूण प्रांतागणिक बदलते, पण एका प्रांतात ती सगळ्यांची एकच लागते, नाहीतर वाचायची कशी? सगळ्या गल्लीने पिवळं टाळलं तरच पिवळ्याला काही अर्थ.

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये अकोट्याच्या जैन मूर्ती बघून या. विश्वामित्रीपलीकडचं आपलंच अकोटा. १९५१ मध्ये तिथे पितळी-कांस्य मूर्तींचा साठा सापडला आणि कलेतिहासकार उमाकांत शहांनी त्यावर आयुष्यभराचं काम केलं. त्यात जीवंतस्वामी आहे: महावीर, पण दीक्षेच्या आधीचा. डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने, पण ध्यानात उभा. तीर्थंकर म्हणजे निरलंकार ही सवय असलेला माणूस याला राजपुत्र समजून पुढे जाईल. त्या मूर्तिकाराला ते ठाऊक असावं, कारण एका मूर्तीच्या बैठकीवर नावच कोरलंय. शेजारी अंबिका. मांडीवर मूल, आंब्याचा घड, खाली सिंह. खुणा ठरलेल्या असल्या की आई कोण हे लेबलाशिवायही कळतं.

तेव्हा माझा सल्ला व्यवहारी. सांगाडा बदलायचाय? बदला, पण खाली नाव लिहा. लोक शंभर वर्षांनी नावाशिवाय ओळखायला लागले तर भाची जिंकली.

रंगरेषा

काका, 'खाली नाव लिहा' हे आमचे सरही सांगत नाहीत :) पण जीवंतस्वामी माझ्याच बाजूचा साक्षीदार नाही का? ठरलेलं रूप मोडून कोणीतरी मुकुट चढवला, म्हणून तर तो आज काचेआड आहे.

आणि मांडीचं म्हणाल तर लक्ष्मी-नरसिंहात मांडीवर लक्ष्मी असते. त्या मांडीने मारलंही आहे आणि सांभाळलंही आहे. प्रल्हादाला तिथे बसायचा हक्क कुणापेक्षा कमी कसा?

वाडीकर

लक्ष्मी-नरसिंह विसरलो होतो. मान्य. तरी एक उरतंच. हिरण्यकशिपू गेला तर प्रल्हाद *कशातून* वाचला हे पोराला दिसणार कसं? माझ्या आईने त्या फाडलेल्या पोटाकडे बोट दाखवून ती गोष्ट सांगितली होती. मी चार वर्षांचा असेन. घाबरलो होतोच. पण आजही 'उंबरठा' म्हटलं की मला तोच दिसतो.

भाचीला धागा वाचून दाखवला. तिने दोन गोष्टी कबूल केल्या. एक, वाघ तिला येत नाही, म्हणून बृहस्पती मांजरावर बसल्यासारखा दिसतो. दोन, खांब काढायचा राहूनच गेला. तो ती आता काढतेय. हिरण्यकशिपूबद्दल अवाक्षर नाही.

सौ.ने मात्र आमची वाट बघितली नाही. काल शुक्रवार होता. तिने बाजारातून छापील कागद आणला, दोन्ही शेजारी शेजारी लावले, दोन्हींना आघाडा-दूर्वांची माळ घातली आणि पुरणाचे दिवे दोन्हींना ओवाळले.

मांडवीचा मुसाफिर

म्हणजे हिरण्यकशिपूला यंदाही ओवाळलंच.